दाराकडे तोंड करून बसलेलं दुखणं

मला गोळी घातली ती माझ्या साडूने. खरं म्हणजे ती लागली. पण आमच्या घरात अजूनही 'घातली' असंच म्हणतात, कारण त्यात साडूचं काहीतरी कर्तृत्व दिसतं आणि त्याच्या आयुष्यात तशा जागा कमी आहेत.

मी एका वस्तुसंग्रहालयात पाट्या लिहितो. काचेच्या कपाटात वस्तूच्या पायाशी जी पुठ्ठ्याची पाटी असते ना, ती. 'तलवार. पोलाद. मूठ नंतरची.' लोक पाटी वाचतात, वस्तूकडे बघत नाहीत आणि समाधानाने पुढे जातात. आमचा सगळ्यात मोठा नियम असा की, वस्तू जशी आली तशी ठेवायची. फुटका रांजण आला तर फुटकाच ठेवायचा, बंद पडलेलं घड्याळ बंदच. घासायचं नाही, उघडायचं नाही, आत बोट घालायचं नाही. याला आम्ही 'मूळ स्थिती' म्हणतो आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतो. त्यामुळे एका गृहस्थांनी घरातली ठासणीची बंदूक देणगी म्हणून दिली, तेव्हा तिच्या नळीत गज घालून बघावा असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी कुणी घातला नसता. नळीतली धूळसुद्धा मूळ स्थितीतली. बंदूक भरलेली आली होती. आम्ही ती निष्ठेने भरलेलीच ठेवली आणि अधूनमधून मऊ फडक्याने पुसली.

साडू फोटोग्राफर आहे. संग्रहालयाचं चित्रांचं पुस्तक निघायचं होतं. त्याने बंदूक काळ्या मखमलीवर आडवी मांडली आणि उजेड परतवायला मला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून समोर उभं केलं.

"घोडा खाली आहे, म्हणून मेल्यासारखी दिसतेय," तो म्हणाला. "जरा वर केला की बघा कशी ऐट येते."

"हात लावू नका. मूळ स्थिती..."

"अहो साडूभाऊ, नुसता अंगठ्याने..."

घोडा त्याच्या अंगठ्याखालून निसटला.

मला वाटलं, त्याचा दिवा फुटला. दालनभर पांढरा धूर पसरला. सडक्या अंड्यांचा आणि जुन्या कपाटाचा वास आला. थर्माकोलला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. "तुमचा तक्ता गेला," असं मी साडूला म्हणालो म्हणे. मग माझा पाय माझ्याखालून गेला.

पोलिसांनी 'अपघात' असं लिहून घेतलं आणि बंदूक नेली. सर्जनने मांडीतून शिशाची चपटी झालेली गोळी काढली. "नशीबवान आहात," तो म्हणाला. "दारू जुनी होती, तिच्यात दम नव्हता. नाहीतर हाडाचा भुगा झाला असता. एक बारीक तुकडा मात्र आत आहे, नसेला टेकून. काढायला गेलो तर पाय लुळा पडेल. जसा आहे तसा राहू दे."

त्या शेवटच्या वाक्यात मला आमच्या खात्याचा माणूस दिसला.

जखम भरली. दुखणं मात्र गेलं नाही.

माझी खाट बाहेरच्या खोलीत हलवली होती. भेटायला येणाऱ्यांना मी सोयीचा पडावा आणि मला न्हाणीघर सोयीचं पडावं म्हणून. खोलीचं दार थेट जिन्यावर उघडायचं. साडू रोज यायचा. पहिले काही दिवस तो नुसता रडायचा, मग हळूहळू त्याला विनोद सुचायला लागले. "एका गोळीपायी दिवसाला किती गोळ्या हो साडूभाऊ!" असं म्हणून तो स्वतःच हसायचा. त्या औषधाच्या गोळ्यांनी दुखणं कमी होत नसे, फक्त आपलं दुखतंय की शेजारच्याचं, याबद्दल थोडा घोळ व्हायचा.

मग घरी कसरत करून घ्यायला एक बाई यायला लागल्या. फिजिओ. मी त्यांना कसरतबाई म्हणायचो. तरुण, खणखणीत, आणि शून्यापासून दहापर्यंतच्या आकड्यांवर त्यांची फार श्रद्धा.

"काका, आज किती?"

"आठ."

"अहो, कसले आठ!" आतून बायको म्हणाली. "काल आठ म्हणत होतात तेव्हा पेपर वाचत होतात. आज पेपर उलगडला पण नाही. नऊ लिहा."

बाईंनी नऊ धरले. आमच्या घरात माझं दुखणंसुद्धा बायकोच मोजते आणि बरोबर मोजते.

"काका, दुखण्याशी भांडायचं नाही," कसरतबाई म्हणाल्या. "डोळे मिटा. त्याच्याकडे बघा. कसं आहे ते? ठणकतंय, टोचतंय, जळतंय? कळ येते की चमक?"

शब्द हा माझा धंदा आहे. ठणका, कळ, चमक, शिणक, सल, ठुसठुस. दुखण्याच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी शब्दांची काटकसर केलेली नाही. मी एकेक शब्द लावून बघितला. एकही बसेना.

"बसलंय," मी म्हणालो.

"काय?"

"दुखणं. ते बसलंय. वाट बघतंय."

"कुठे बसलंय?"

"खुर्चीत. दाराकडे तोंड करून."

कसरतबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "छान! अशीच कल्पना करत राहा." पण त्या दिवशी त्यांनी कसरत लवकर आटोपली. जाताना दारापाशी बाजूला सरकून गेल्या, कुणाच्या तरी पायात पाय अडकू नये तशा.

मी कल्पना करत नव्हतो. दुपारभर ते दुखणं आत कुठेतरी असायचं, साधं, दवाखान्याचं. भिंतीवरचा उजेड पिवळा व्हायला लागला की ते पुढे यायचं, नीट टेकायचं आणि कान द्यायचं. जिन्यावर पुरुषाचं पाऊल वाजलं की उठून उभं राहायचं. त्या उभं राहण्याची कळ अशी, की मी उशीत तोंड खुपसायचो. पाऊल दारापाशी येई. पेपरवाला असे, वरच्या मजल्यावरचा असे, साडू असे. 'हा नव्हे' असं कळलं की ते परत बसायचं. बसताना त्याची निराशासुद्धा मला मांडीत कळायची. बायकांच्या आणि पोरांच्या पावलांना ते हलत नसे.

बायकोने याचाही उपयोग करून घेतला. "कोणीतरी येतंय वाटतं," ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची आणि पदर सारखा करायची.

सर्जनला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "नस सैरभैर झाली की असं होतं." डॉक्टरांचं एक बरं असतं, त्यांना आश्चर्य वाटत नाही.

बंदूक देणारे गृहस्थ मला भेटायला आले ते अशाच एका संध्याकाळी.

जिन्यावर त्यांची पावलं वाजली, हलकी, एकसारखी. दुखणं उठलं. मी उशी ओढली. पाऊल दारापाशी आलं, दार उघडलं, आणि दुखणं थांबलं.

कमी झालं नाही. थांबलं. दिवसभर घरघरणारा पंखा कुणीतरी बंद करावा आणि इतका वेळ तो चालू होता हे तेव्हा आपल्याला कळावं, तसं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गृहस्थ दारातच गोंधळले.

"मी... मी बंदुकीवाला," ते म्हणाले. "म्हणजे देणगीदार. साहेब, मला माफ करा. ती भरलेली आहे हे देवाशपथ माहीत नव्हतं."

"या, बसा," मी म्हणालो. "बसा हो. उठू नका."

ते अजून बसलेही नव्हते.

देणगीदार उंच, ताठ, सत्तरीचे. आयुष्यभर दुकानांचे तराजू आणि वजनं तपासण्याची सरकारी नोकरी केलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. आता त्यांचा उद्योग एकच, चालणे. "सकाळी अर्धं शहर, संध्याकाळी उरलेलं अर्धं," ते म्हणाले. "पाय आहेत तोवर माणसाला कुणाची गरज नाही." बायकोने त्यांना चहा दिला. मी निमित्त काढून बंदुकीचा विषय काढला.

"ती माझ्या मोठ्या आजोबांची," ते म्हणाले. "दोघे भाऊ. माझे आजोबा धाकटे. दोघांचं फाटलं. कशावरून? कोणी म्हणतं जमीन, कोणी म्हणतं बाई. माझी आजी म्हणायची, दोन्ही नाही, एक तांब्याचा हंडा. मोठ्याने शपथ घेतली, धाकट्याने उंबरा ओलांडला की उडवीन. तेव्हापासून संध्याकाळ झाली की बंदूक ठासायची, दारात खुर्ची टाकायची आणि दाराकडे तोंड करून बसायचं."

बायकोने हातातली कपबशी टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि तुमचे आजोबा?" मी विचारलं.

"गेलेच नाहीत! पलीकडच्या गल्लीत घर, पण गेले नाहीत. शहाणे म्हणा, भित्रे म्हणा. आमच्या घराण्यात त्यानंतर कुणाच्या दारात जायची पद्धतच राहिली नाही. मोठे आजोबा खुर्चीतच गेले, डोळे उघडे. मूलबाळ नव्हतं. मग घर, खुर्ची, बंदूक, सगळं आमच्याकडेच आलं." ते खळखळून हसले. "म्हणजे बघा वहिनी, माल शेवटी पत्त्यावर पोचलाच!"

वहिनी हसल्या नाहीत.

ते गेल्यावर दुखणं परत आलं. पण पूर्वीपेक्षा जरा कमी, आणि जरा खुशीत. ज्याची वाट बघत होतो तो माणूस आहे, चालता-फिरता आहे, आणि पुन्हा येईन म्हणून गेलाय, अशा खुशीत.

बायको बराच वेळ कपबश्या विसळत राहिली. मग आतून म्हणाली, "किती?"

"सहा."

"त्यांना उद्या पण बोलवा."

अशा तऱ्हेने देणगीदार मला लागू पडले. औषधासारखे. साडूला त्यांना रोज आणायला पाठवायची गरज पडली नाही; माणूस एकटा होता, बोलावलं की यायचा, आणि येताना काहीतरी घेऊन यायचा. ते तराजूंच्या गोष्टी सांगत. कुठल्या दुकानदाराने पारड्याखाली चिंचोका चिकटवला होता, कोण बोटाने काटा दाबायचा. मी पाय पसरून ऐकायचो. ते असेपर्यंत शून्य. गेले की कालच्यापेक्षा एक आकडा कमी. कसरतबाईंनी सगळं श्रेय घेतलं. मला उदाहरण म्हणून दाखवायला एका पेशंटला घेऊन आल्या. तो बिचारा जिना चढून दमला होता आणि माझ्याकडे द्वेषाने बघत होता.

देणगीदार बोलता बोलता मांडी चोळायला लागले, ते माझ्या लक्षात आलं. उजवी. गुडघ्याच्या वर वीतभर. मी पांघरूण वर ओढलं, कारण त्याच जागेवर माझा हात होता आणि तो नुसता पडून होता.

आमच्या व्यवसायात हल्ली एक वारं आहे. मोठमोठी संग्रहालयं वस्तू मूळ मालकाच्या वारसांना परत करतात. फुलं असतात, भाषणं असतात, दोन्ही बाजू हात मिळवतात. मी त्यावर एक टिपणही लिहिलं होतं आणि त्यात 'न्याय्य' हा शब्द सढळ हाताने वापरला होता. ही वस्तू माझी नाही, मी मनाशी म्हणालो. माझ्याकडे ती चुकून जमा झाली. वारस स्वतःच्या पायाने येतो, चहा पितो आणि थोडी थोडी घेऊन जातो. यात माझं काय चुकलं? एवढा सुरेख युक्तिवाद मी नोकरीत कधी केला नव्हता.

सर्जनने नवा फोटो काढला. उजेडावर धरून तो खूश झाला.

"तुकडा नसेपासून सुटलाय! बाहेरच्या बाजूला सरकतोय. शरीर परकी वस्तू ढकलून देतं कधी कधी. अजून थोडा वर आला की साध्या चिमट्याने काढू. मग तुम्ही मोकळे."

घरी येऊन मी मांडीवरून बोट फिरवलं. कातडीखाली मसुराएवढा कठीण दाणा लागला. दाबला की तो बोटाखाली सरकायचा, आणि सोडला की परत दाराच्या दिशेला यायचा. मी खाटेवर कूस बदलून बघितली. तो फिरून दाराच्या बाजूला आला.

त्याच संध्याकाळी जिन्यावर वेगळाच आवाज आला. एक पाऊल, एक ठोका, मग ओढलेलं दुसरं पाऊल. देणगीदार काठी घेऊन आले होते. काखेत एक छोटी उशी होती.

"उशीर झाला साहेब, माफ करा. जिना चढताना कुणीतरी मांडीत खिळा ठोकतंय असं वाटतं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"फोटो काढला. त्यात काही नाही म्हणाले. मनावर घेऊ नका, म्हणाले. मी म्हटलं, मनावर नाही हो, मांडीवर घेतलंय!" ते हसायला गेले आणि मधेच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग उशी पुढे केली. "ही तुमच्या पायाखाली घ्या. माझ्याच उशीतला कापूस काढून शिवली. गुडघ्याखाली ठेवली की बरं वाटतं. मी करून बघितलंय."

बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"फिरणं?" मी विचारलं.

"बंद. आता फक्त तुमच्याकडे. आज म्हटलं, नको जायला, पाय साथ देत नाही. पण काय आहे साहेब, संध्याकाळ झाली की मला वाटतं, कुणीतरी माझी वाट बघतंय. या वयात असं वाटणं म्हणजे चैनच की! पाय आपोआप तुमच्या गल्लीत वळतात."

ते गेल्यावर बायको येऊन खाटेच्या कडेला बसली.

"त्यांच्या पायाला काय झालंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? तुम्ही उशीत तोंड घालून रडायचात ते मी ऐकलंय. त्यांचं काही मी ऐकलेलं नाही." जरा वेळाने म्हणाली, "उद्या डॉक्टर तो तुकडा काढून टाकेल ना?"

"अजून एकदा ते येऊन गेले की."

"बरं. उद्या चहा तुम्हीच करा. मी बाजारात जाते. मला ते बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पिशव्या घेऊन गेली. भिंतीवरचा उजेड पिवळा झाला. दाणा कातडीच्या इतका जवळ आला होता की पांघरुणाचा स्पर्शही त्याला कळत होता. मी उठलो. काठीशिवाय, न लंगडता दारापर्यंत गेलो आणि आतून कडी घातली. का घातली ते मला नीट सांगता येत नाही. मनात उदात्त वगैरे काही नव्हतं. ती उशी गुडघ्याखाली ठेवली की खरंच बरं वाटत होतं, एवढंच होतं.

पाऊल. ठोका. ओढलेलं पाऊल.

दुखणं उठलं. इतके दिवस ते नुसतं उभं राहायचं. आज ते चालत पुढे आलं. मी दाराला पाठ लावली आणि खाली बसलो.

दारावर टकटक झाली. "साहेब, मी आहे."

"परत जा."

"झोपला होतात का?"

"नाही. ऐका. ती गोळी तुमची आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या आजोबांसाठी ठासलेली. ते गेले नाहीत, तुम्ही आलात. तुम्ही आत आलात की ती थोडी थोडी तुमच्यात जाते. माझा पाय बरा होतोय तो तुमच्या पायावर. मला हे केव्हापासून ठाऊक आहे. आता शेवटची खेप राहिलीय. जा इथून."

पलीकडे ते हसले. पण हसू पुरतं निघालं नाही.

"साहेब, मी सरकारी माणूस. तराजूत घालता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही."

"मग उघडू?"

पलीकडे एक पाऊल मागे सरकलं.

"उघडू का दार?"

"थांबा जरा," देणगीदार म्हणाले.

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग ते कण्हत कण्हत खाली बसले, दाराला पाठ लावून, माझ्यासारखेच. मधे फक्त फळी. कुणाच्या तरी घरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"साहेब," ते एकदम म्हणाले. "माझा पाय थांबला."

मी माझ्या मांडीवर हात ठेवला. तिथे काही नव्हतं. ना बसलेलं, ना उभं राहिलेलं.

"माझाही," मी म्हणालो.

"मग आहे कुठे ते?"

तेवढ्यात दार करकरलं. वारा नव्हता. बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर, माझ्या कमरेपाशी, फळी आतल्या आत आवळल्यासारखी झाली आणि सुटली. मी तळहात लावला. लाकूड तापलेल्या माणसाच्या अंगाएवढं गरम होतं. कडी आपोआप थरथरत होती, कुणी दातांची कडकड आवरावी तशी.

"ऐकलंत?" देणगीदारांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"हो."

"दुखतंय त्याला."

मग आम्ही बोलत बसलो, कारण न बोलता तो आवाज ऐकवत नव्हता. त्यांनी एका सोनाराच्या काट्याची गोष्ट सांगितली, मी संग्रहालयातल्या नकली राजमुद्रेची. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "असंच बसू की रोज," ते म्हणाले. "तुम्ही आत, मी बाहेर. दोघांचेही पाय शाबूत. लोक हसतील, हसू देत." मला ते पटलं. दोन सुशिक्षित प्रौढ माणसांनी आपलं दुखणं एका फळीवर टाकून द्यावं, ही व्यवस्था मला अगदी वाजवी वाटली. फळी मधूनमधून कण्हत होती.

जिन्यावर चपला वाजल्या.

"अगंबाई! तुम्ही बाहेर का बसलात?" बायकोचा आवाज. "अहो! दार उघडा. हात भरलेत माझे."

कुणी हललं नाही. फळी एकदम गप्प झाली. ती ऐकत होती.

"भांडलात का?" बायको म्हणाली. "अहो, पिशवीचा बंद तुटतोय, उघडा ना!"

"साहेब," देणगीदार हळू म्हणाले. ते उठत होते. काठी घासल्याचं ऐकू आलं. "उघडा. घेतो मी. घरचंच आहे."

"नको."

"अहो, आजोबांनी एकदा जायला हवं होतं. इतकी वर्षं माणूस खुर्चीत बसवून ठेवला. घेतो मी."

"वहिनींशी बोलत उभे राहू नका. खाली जा."

"साहेब, ऐका..."

"तुम्ही ती वस्तू संग्रहालयाला दिलीत," मी म्हणालो. "सही करून दिलीत. दिलेली देणगी परत घेता येत नाही. आमचा नियम आहे. आता जा आणि पुन्हा या दारात येऊ नका, नाहीतर अपमान करीन."

मग काठीचा ठोका. पावलं खाली निघाली. पहिलं ओढलेलं, दुसरं जरा कमी, आणि जिन्याच्या वळणानंतर दोन्ही सारखी, हलकी, एकापाठोपाठ. काठी वाजेनाशी झाली. खालचं दार आपटलं.

मी उभा राहिलो आणि कडी काढली.

ते आत आलं. मला आधी दिसलं नाही की ऐकू आलं नाही. फक्त बायको उंबऱ्यात एकदम बाजूला सरकली, तिच्याही नकळत. मग माझा उजवा पाय माझ्याखालून गेला. मी चौकटीला धरलं. ते खोल गेलं, पूर्वी होतं त्याच्याही आत, आणि बसलं. मांडीवर बोट फिरवून बघायची गरज नव्हती, पण मी फिरवलं. कातडी गुळगुळीत होती. दाणा कुठेच नव्हता.

"किती?" बायकोने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

मी तिच्या हातातली जड पिशवी घेतली. "तू सांग."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आकडा सांगितला नाही. माझ्यामागून आत आली, दुसरी पिशवी ओट्यावर ठेवली आणि खिडकी उघडली. मी खिडकीच्या कडेला हात टेकून उभा राहिलो.

खाली रस्त्यावर देणगीदार निघाले होते. दिव्याच्या खांबाशी ते थांबले, एक पाय उचलून खाली ठेवला, दुसरा उचलून ठेवला. नवे जोडे पायात घालून बघतात तसे. मग काठी काखेत मारली आणि लांब ढांगा टाकत कोपऱ्याकडे चालायला लागले. ते वळून बघतात का, याकडे माझं सगळं लक्ष लागलं होतं. बघितलं असतं तर मी हाक मारली असती. हाक घशापर्यंत आलेली होती.

ते कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.